दप्तर : मूळ आणि अर्थ

मराठी मुलगा दप्तर घेऊन शाळेत जातो. हिंदी भाषक गृहस्थ दफ्तरात नोकरीला जातो. शब्द एकच, परंतु एकीकडे त्याचा अर्थ पिशवी, तर दुसरीकडे कचेरी. उलट, हिंदी मुलाच्या पाठीवर असतो तो ‘बस्ता’. आणि मराठीत बस्ता म्हणजे लग्नासाठी करावयाची कापडखरेदी. फारसीतून आलेल्या या शब्दांची गती पाहिली म्हणजे केवळ मुळावरून अर्थ ठरविण्याची सवय किती अपुरी आहे, हे ध्यानात येते.

‘दप्तर’चे मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’ या शब्दात सापडते. त्याचा अर्थ कमावलेले कातडे. कातड्यावर लेखन होत असे. त्यामुळे अरबी-फारसीत हा शब्द वही, नोंदपुस्तक या अर्थी रूढ झाला. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाचे ‘डिप्थीरिया’ हे नावही त्याच ग्रीक शब्दावरून पडले आहे. मराठ्यांच्या राज्यकारभारात दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत ज्यातील वेचे प्रसिद्ध केले, ते पेशवे दप्तर याच अर्थाचे. हे कागद रुमालांत बांधून ठेवीत. कागदांवरून त्यांच्या गाठोड्याकडे आणि गाठोड्यावरून मुलांच्या पिशवीकडे अर्थ सरकला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘बस्ता’ तर मुळातच ‘बांधलेले’ या अर्थाचा! कचेरीचा अर्थही मराठीने अगदीच टाकला नाही. ‘दप्तरदिरंगाई’त तो आजही नांदतो. गुजरातीत दफतर म्हणजे शाळेची पिशवीच. बंगालीत मात्र दप्तर म्हणजे कचेरी वा खाते.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. तरीही दप्तर टिकले, कारण मराठीने त्याला आपले काम नेमून दिले होते. असे असता ‘फा.’ एवढी खूण करून थांबणारा कोश अर्धेच सत्य सांगतो. त्या खुणेने शब्द परका भासतो आणि हिंदीवरून मराठीत भाषांतर करणारा विद्यार्थी कारकुनाला दप्तरात पाठवितो! म्हणून समान रूपांचे भिन्न अर्थ क्रमाने नोंदविणारा आंतरभारतीय कोश सिद्ध होणे अगत्याचे आहे. अनेक भाषांचे विभाग एका छत्राखाली असलेल्या विद्यापीठांनी हे काम हाती घ्यावयाचे नाही, तर कोणी?