उपदेशाने नळ बंद होत नाही

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांना स्वच्छतेचा ज्वर चढतो. माळे रिकामे होतात, डबे घासले जातात, कोपऱ्यातली जळमटे निघतात. या दिवसांत घरातली एखादी सून पहाटेपासून नळाखाली हात चोळीत बसली, तरी कोणाचे तिकडे लक्ष जात नाही. गेलेच तर ‘काय बाई ही टापटीप!’ असे कौतुकच होते. सणाच्या दिवसांत मी हा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. दिवाळी संपल्यावरही ज्या घरातला तो नळ वाहतच राहतो, त्या घराची बाजू मांडण्यासाठी मी लेखणी उचलली आहे.

या आजारास आपल्या भाषेत जुना शब्द आहे: मंत्रचळ. डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात तो हाच. नको असलेला विचार मनात पुन्हापुन्हा घुसतो, त्याने जीव धास्तावतो, आणि ती धास्ती शमावी म्हणून माणूस एकच कृती पुन्हापुन्हा करीत राहतो. कोणी हात धुतो, कोणी कडी तपासतो, कोणी पायऱ्या मोजतो. शंभरातल्या दोनेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतो, आणि पुष्कळदा शाळकरी वयातच गाठतो. म्हणजे माझ्या पन्नास मुलांच्या हजेरीपटावर असे एखादे नाव निघावयाचेच.

तसे एक निघाले होते, आणि ते मला ओळखता आले नाही. सहावीतला मुलगा. हुशार, पण वही कधी पुरी नाही. एक अक्षर लिही, ते खोड, पुन्हा लिही, पुन्हा खोड, असे करता करता कागदाला भोक पडे. मी त्याला आळशी म्हटले. एके दिवशी ती फाटकी वही वर्गापुढे धरून दाखविली. पोरे हसली. चार दिवसांनी त्याचे शाळेत येणे थांबले. कैक वर्षांनी तो मला एस.टी. स्टँडवर भेटला. आता औषधोपचार घेऊन पुष्कळ बरा आहे, नोकरीला आहे. म्हणाला, ‘सर, अक्षर चांगले यावे म्हणून मी खोडत नव्हतो हो. ते झाले, असे मला वाटतच नसे.’

‘झाले, असे वाटतच नसे.’ मोठमोठ्या संशोधकांनी यंत्रे लावून जे शोधले, ते त्या पोराने एका वाक्यात सांगितले होते. मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. पण तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचीत आलो आहे.

मेंदूतील ज्या पेशी अधिक राबतात त्या अधिक साखर खातात. ती साखर कोठे खर्च होते याचे चित्र घेता येते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ल्युइस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी चित्रे घेतली, आणि 1987 साली दाखवून दिले की या रुग्णांच्या मेंदूत डोळ्यांच्या खोबणींवरचा भाग व आत खोलवर असलेले कॉडेट नावाचे केंद्र ही दोन्ही वाजवीपेक्षा जास्त राबत असतात. पुढला भाग ‘काहीतरी चुकले’ अशी हाकाटी करतो. कॉडेट आणि त्याच्या शेजारच्या केंद्रांनी ती हाकाटी गाळून शांत करावयाची, ते होत नाही. आणि ती थॅलॅमसमार्फत फिरून पुन्हा पुढच्या भागाकडेच येते. संशोधकांनी बांधलेले चित्र ढोबळमानाने असे आहे. हात धुऊन स्वच्छ झालेले डोळ्यांना दिसते, बुद्धीला पटते, पण ‘झाले’ ही खूण पटत नाही.

आता उपदेशकांना माझा सवाल आहे. ‘मन घट्ट कर’, ‘नाही ते विचार आणू नकोस’, ‘देवाचे नाव घे’ हे जे तुम्ही सांगता, ते त्या माणसाने स्वतःला हजार वेळा सांगितलेले नसेल काय? आपले वागणे निरर्थक आहे हे बहुधा तुमच्याआधी त्यालाच कळलेले असते. लंगड्याला ‘नीट चाल’ म्हणावयास आपली जीभ धजत नाही. मग याला ‘नीट वाग’ म्हणावयास कशी धजते?

पण विज्ञानाच्या नावानेही एक नवी अंधश्रद्धा निघाली आहे. ‘मेंदूतच बिघाड, मग इलाज कसला!’ असे म्हणून हात झटकणारे आहेत. त्यांच्यासाठी बॅक्स्टर यांचाच 1992 सालचा प्रयोग पुरेसा आहे. नऊ रुग्णांना गोळ्या दिल्या. दुसऱ्या नऊ रुग्णांना गोळी न देता केवळ वर्तनोपचार दिले. प्रयोग लहानच. पण दोन्ही गटांत ज्यांना गुण आला, त्यांच्या उजव्या कॉडेटचा अतिरिक्त व्यवहार कमी झालेला दिसला. म्हणजे शिकविण्यानेही मेंदू बदलतो! आम्हा मास्तरांना याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

ते शिकविणे मात्र उपदेशाचे नव्हे. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली त्याची वाट दाखविली. भीती वाटते त्या गोष्टीला रुग्णाने स्पर्श करावयाचा, आणि नंतर हात धुवावयाचे नाहीत. धास्ती चढते तशी आपोआप उतरते, हे अनुभवावयाचे. हे काम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने, पायरीपायरीने होते. घरच्यांनी रागाने नळ बंद करणे म्हणजे उपचार नव्हे. उलट ‘आई, कडी लागली ना?’ या प्रश्नाला प्रेमाने विसाव्यांदा ‘होय’ म्हणणे, हाही उपचार नव्हे. त्या ‘होय’ने घटकाभर सुटका होते आणि एकविसावा प्रश्न जन्मास येतो. रागावणारा बाप आणि पदराखाली घेणारी आई, दोघेही नकळत आजाराचीच चाकरी करतात.

आणखी एक. ‘मेंदूचा फोटो काढून ओसीडी सांगतो’ असे कोणी म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. त्या चित्रांनी संशोधकांना दिशा दिली. परंतु एका माणसाचे निदान आजही मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याशी बोलूनच करतो. गोळ्या आहेत, वर्तनोपचार आहेत. सगळेच पूर्ण बरे होतात असे नाही, पण पुष्कळांचे आयुष्य पुन्हा मार्गी लागते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत या विकारासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे, आणि 2022 सालापासून सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांकही आहे. उणीव आहे ती लाज सोडण्याची. मुलीचे लग्न ठरायचे आहे, मुलाचे नाव होईल, लोक काय म्हणतील, असे म्हणत म्हणत कोवळी वर्षे आपण न्हाणीघरात वाहू देतो.

भाऊबीजेला बहीण येईल, भाचरे येतील. त्यांत एखाद्याचे हात कोपरापर्यंत सोललेले दिसले, एखादे पोर उंबरठ्यावर पुन्हापुन्हा पाय मागे घेताना दिसले, तर हसू नका, रागावू नका, कौतुकही करू नका. बाजूला घेऊन एवढेच विचारा, ‘बाळ, झाले असे वाटत नाही का तुला?’ मी तो प्रश्न एका मुलाला वेळेवर विचारला नाही. त्याची वही अजून माझ्या डोळ्यांपुढे फाटकीच आहे.