मुलें सांभाळण्याची लाज

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगी इंग्लंडांत पुढील अभ्यासासाठीं गेलेली आहे. तेथें फावल्या वेळांत एका कुटुंबांतील दोन लहान मुलें सांभाळण्याचें काम पत्करावयाचें तिनें ठरविलें असून, त्या कुटुंबास तिच्या जुन्या शिक्षकांचें शिफारसपत्र हवें होतें. तें आम्हीं लिहावें अशी मुलीची इच्छा, आणि आम्हीं तें लिहूं नये अशी वडिलांची विनंती! "सर, कर्ज काढून मुलीला शिकायला पाठविली, ती काय लोकांकडे आया म्हणून राहायला?" असें म्हणतांना त्या गृहस्थांचा आवाज जड झाला होता. नातलगांना काय सांगावें, उद्यां तिच्या लग्नाच्या वेळीं हें निघालें तर काय, अशा अनेक शंका त्यांच्या बोलण्यांत होत्या. आम्हीं त्यांना चहा दिला. उत्तर मात्र त्या दिवशीं नीट देतां आलें नाहीं. तें येथें देत आहों, कारण हाच प्रश्न मनांत बाळगणारे पालक आमच्या वाचकांत आणखीही असतील. कांहींच्या मुली तर असें काम करीत असून घरीं कळवीत नाहींत, हें आम्हांस ठाऊक आहे.

प्रथम, ज्या शब्दाची एवढी लाज वाटते त्या शब्दाविषयीं. 'आया' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेंतून आला. इंग्रजी अमदानींत साहेबांचीं मुलें सांभाळणाऱ्या हिंदी स्त्रियांना तो लागला, आणि त्यांच्यापैकीं कित्येक जणी त्या मुलांना घेऊन आगबोटीनें विलायतेस जात. ज्या काळीं आपल्याकडील प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया समुद्र ओलांडण्याचें मनांतही आणीत नसत, त्या काळीं या बाया वादळांत, बोट लागलेल्या मडमांचीं मुलें मांडीवर घेऊन, महासागर ओलांडीत; कोणी कोणी तर अनेक वेळां. जग पाहणें हेंच जर मोठेपण, तर त्यांच्याएवढें जग पाहिलेल्या स्त्रिया त्या वेळीं आपल्या देशांत थोड्याच होत्या. परंतु बोट बंदरास लागली, काम संपलें, कीं कित्येकींना परतीच्या भाड्याशिवाय लंडनांत सोडून देण्यांत येई. अशा स्त्रियांसाठीं त्या शहरांत एक आश्रयगृह होतें. १९०० सालीं तें हॅकनी भागांतील किंग एडवर्ड्स रोडवर आलें व लंडन सिटी मिशन तें चालवूं लागलें. त्या घरावर २०२२ सालीं स्मारकाची निळी पाटी बसविण्यांत आली. या हकीकतींत लाज वाटण्यासारखें पुष्कळ आहे, पण तें मूल सांभाळणारीच्या वांट्याचें नव्हे.

आतां दुसरें उदाहरण आपल्या पुण्याशीं निगडित आहे. पंडिता रमाबाईंनीं लहानपणापासून आईबापांबरोबर तीर्थयात्रा करीत हिंदुस्थानचा फार मोठा भाग पायीं तुडविला होता. १८७८ सालीं त्या भावासह कलकत्त्यास पोहोंचल्या, तेव्हां तेथील विद्वानांनीं त्यांच्या संस्कृत ज्ञानाचा गौरव केला. वैधव्य आल्यावर १८८२ सालीं त्या पुण्यास आल्या आणि पुढल्याच वर्षीं दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकावी असा हेतु होता. ऐकूं कमी येत असल्यामुळें तो तडीस गेला नाहीं. परंतु दुसऱ्याच्या अन्नावर फुकट राहणें त्यांना मान्य नव्हतें. वाँटेज येथील सेंट मेरीच्या मठांतील ज्या भगिनी हिंदुस्थानांत येणार होत्या त्यांना मराठी शिकवावें आणि त्या मोबदल्यांत आपला निर्वाह चालावा, अशी त्यांची व्यवस्था होती. पुढें चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजांत त्या स्वतः शिकत होत्या व संस्कृत शिकवीतही होत्या. हें सर्व आपण अभिमानानें सांगतों. पण आई चेल्टनहॅमास असतांना लहानगी मनोरमा कोणाजवळ होती, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. ती वाँटेजच्या भगिनींजवळ होती. पंडितेच्या अभ्यासाचे तास त्यांच्या ओंजळींतून आलेले होते.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथें त्यांनीं बालशिक्षणाचा रीतसर अभ्यास केला. फ्रोबेल या जर्मन शिक्षकानें १८४० सालीं ज्या पद्धतीला 'किंडरगार्टन' असें नांव दिलें, ती ही पद्धत. लोंकरीचे चेंडू, लांकडी ठोकळे, गाणें आणि खेळ! जिला 'सरस्वती' ही पदवी मिळाली होती तिला चार वर्षांच्या मुलाबरोबर जमिनीवर बसून ठोकळे रचण्याची विद्या शिकण्यांत कमीपणा वाटला नाहीं. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन निघालें व पुढील वर्षीं तें पुण्यास आलें.

येथवर वाचून आमच्या विद्यार्थिनीस वाटेल कीं सर सर्वस्वी आपल्या बाजूचे झाले. तसें नाहीं. तिनें त्या कुटुंबास पाठविलेला अर्ज आम्हांसही धाडला होता. वडील आगबोटीवर इंजिनिअर असल्यामुळें तिनें लहानपणीं सुटीच्या दिवसांत त्यांच्याबरोबर बराच प्रवास केला आहे. कोलंबो, सिंगापूर, रॉटरडॅम अशा बंदरांचीं नांवें त्या अर्जांत ओळीनें होतीं, आणि आपण निरनिराळ्या देशांतील लोकांत सहज मिसळतों असेंही तिनें लिहिलें होतें. वाचून कौतुक वाटलें. पण तीन वर्षांच्या मुलास रात्रीं ताप भरला तर रॉटरडॅम पाहिल्याचा काय उपयोग? मुलाच्या घशांत घास अडकला तर काय करावें, आंघोळीच्या टबाजवळ त्यास एक क्षणही एकटें कां सोडूं नये, ओळख न पटवितां कोणाच्या हातीं तें कां देऊं नये, याविषयीं अर्जांत एक ओळही नव्हती. मूल सांभाळणें बायकांना जन्मतःच येतें ही समजूत जितकी खोटी, तितकीच सुशिक्षित माणसास तें सहज जमेल ही समजूतही खोटी. प्रथमोपचाराचा वर्ग आधीं पुरा कर, असें आम्हीं तिला कळविलें.

तिच्या वडिलांच्या काळजींत खरा भाग असेल तर तो दुसराच आहे. परक्या देशांत कोणाच्या तरी घराच्या आंत, दार बंद झाल्यावर, काम करावयाचें, तर तास, वेतन आणि सुटी हीं कागदावर असलींच पाहिजेत. परतीच्या भाड्याची गोष्ट लेखीं न ठेवणाऱ्या आयांचें काय झालें तें वर आलेंच आहे. शिवाय त्या त्या देशाचा कायदा. इंग्लंडांत पदवीच्या अभ्यासासाठीं गेलेल्या विद्यार्थ्यास सत्र चालू असतांना साधारणतः आठवड्यास वीस तासच काम करतां येतें, आणि स्वतंत्र व्यवसाय म्हणून तर मुळींच नाहीं. म्हणून त्या कुटुंबानें तिला रीतसर नोकरींत घेणें आवश्यक होतें. अमेरिकेंत विद्यार्थ्यानें कॉलेजच्या आवाराबाहेर परवानगीवांचून असें काम धरिलें तर शिक्षणच धोक्यांत येतें. जर्मनींत कुटुंबांत राहून मुलें सांभाळणाऱ्या तरुणांसाठीं वेगळाच परवाना असून तो एका वर्षाहून अधिक मिळत नाहीं. तो विद्यार्थ्याच्या परवान्याच्या जागीं चालत नाहीं. "रोख देतों, कोणाला सांगूं नका" असें म्हणणारें घर कितीही प्रेमळ दिसो, तें सोडावें.

हें सर्व आम्हीं वडिलांना पुढच्या भेटींत सांगितलें. तेव्हां बोलतां बोलतां त्यांनींच सांगितलें कीं त्यांचा नातू वानवडीच्या एका पाळणाघरांत जातो. तेथील बाई फार मायाळू आहेत, त्या आजारी पडल्या तर सुनेला रजा घ्यावी लागते. त्या बाईंचें शिक्षण किती, असें आम्हीं विचारलें. त्यांना तें ठाऊक नव्हतें. मग बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत.

शिफारसपत्र आम्हीं लिहिलें. प्रवासाचा त्यांत उल्लेख नाहीं. ती नववींत असतांना शाळेच्या संमेलनाच्या दिवशीं अवेळीं मोठा पाऊस आला, रस्ते तुंबले, आणि शिशुवर्गांतील एका मुलाची आई सात वाजून गेले तरी पोहोंचूं शकली नाहीं. मूल रडून रडून दमलें होतें. ही मुलगी आपल्या मैत्रिणींबरोबर न जातां व्हरांड्यांत त्याच्याजवळ बसून राहिली, आणि आपल्या भिजलेल्या वहीचे कागद फाडून त्याला होड्या करून देत होती. आई आल्यावरच ती उठली. एवढेंच आम्हीं लिहिलें.

पत्र धाडण्यापूर्वीं तें तिच्या वडिलांस वाचावयास दिलें. त्यांनीं तें दोन वेळां वाचलें. म्हणाले, "त्या दिवशीं मी रजेवर घरींच होतों, सर. इतका उशीर कां केला म्हणून मी तिला फार बोललों होतों. तिनें यांतलें कांहींच सांगितलें नाहीं."