घरपट्टी : झोपडीला दर, कारखान्याला सौदा



कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. तिथे कपाशी नाही, ज्वारी नाही. पाऊस मुबलक आणि पीक भाताचे. कोरडवाहू शेतकऱ्याला त्यांच्या गाऱ्हाण्याशी काय करायचे, असे कुणी विचारेल. उत्तर सोपे आहे. शेत वेगळे असले तरी डोक्यावरचे छप्पर एकाच कायद्याखाली येते. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा कर्जतला लागतो तसाच तो वणीला, जिंतूरला आणि पाचोऱ्यालाही लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला त्याला वीस वर्षे उलटून गेली. समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरता खुला झाला, आणि तो वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना अशा तुमच्याच जिल्ह्यांतून जातो. रस्त्यामागून गोदाम येते, बंगला येतो, प्लॉटवाला येतो. कर्जत-खालापूरने जे भोगले ते उद्या तुमच्या वेशीवर येणार आहे. म्हणून हे वाचा.

घरपट्टी म्हणजे नेमके काय?

कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे ग्रामपंचायत आपल्या हद्दीतल्या इमारतींवर आणि शेतसारा न लागणाऱ्या जमिनींवर कर बसवते. सारा लागणारे शेत यात येत नाही, शेतातले घर मात्र येते. पूर्वी आकारणी क्षेत्रफळावर होत असे. ती पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही. मग ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने भांडवली मूल्याची पद्धत आली. घराखालच्या जागेची किंमत सरकारी रेडी रेकनरच्या दराने धरायची. बांधकामाची किंमत घर मातीचे, विटांचे की सिमेंट-काँक्रीटचे ते पाहून धरायची आणि घराच्या वयाप्रमाणे घसारा कापायचा. वापर दुकानाचा किंवा कारखान्याचा असेल तर भार वाढवायचा. जे मूल्य येईल त्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे पट्टी. झोपडीला दर सर्वांत कमी, काँक्रीटच्या इमारतीला जास्त. दर चार वर्षांनी फेरआकारणी.

कागदावर हे न्यायाचे दिसते. मोठ्याला जास्त, लहानाला कमी. आता त्यातली मेख पाहा.

समजा एका शेतकऱ्याच्या जुन्या घराच्या जागेचे मूल्य एक लाख धरले आणि बांधकामाचे एक लाख. एकूण दोन लाख. शेजारच्या डोंगरावर मुंबईकरांचे बंगले झाले, जमिनीचे व्यवहार वाढले आणि तक्त्यातला जागेचा दर तिप्पट झाला. घराचे मूल्य झाले चार लाख आणि पट्टी झाली दुप्पट. ती एका वर्षात येवो की टप्प्याटप्प्याने, या हिशेबाची दिशा तीच आहे. या शेतकऱ्याने काय विकले? काही नाही. त्याच्या घरात काय वाढले? काही नाही. त्याच्या कर्जत-३ भाताला तिप्पट भाव मिळाला का? नाव काढू नका. दुसऱ्याने जमीन विकत घेतली आणि पट्टी याची वाढली. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

मोठ्यांसाठी वेगळे दार

याच कायद्यात कलम १२५ आहे. तुमच्या सरपंचाला ते ठाऊक आहे का, विचारून पाहा. हे कलम सांगते की ग्रामपंचायत सरकारची पूर्वमंजुरी घेऊन कारखान्याशी करार करू शकते, आणि सगळ्या किंवा काही करांच्या बदल्यात ठोक रक्कम घेऊ शकते. करार जमला नाही तर रक्कम सरकार ठरवते.

म्हणजे बघा. कुडाच्या घरात राहणाऱ्या म्हातारीला दर आहे. तिच्या भिंती मोजल्या जातात, पत्रा आहे की कौल ते लिहिले जाते. ती ग्रामसेवकाला म्हणू शकत नाही की बाबा, ये बस, ठोक काय ते ठरवू. कारखान्याला मात्र बोलणी करता येतात. एका बाजूला कंपनीचे वकील आणि हिशेबनीस, दुसऱ्या बाजूला सात-नऊ पंच, त्यातले निम्मे रोजंदारीवर जाणारे. या सौद्यात कोण कुणाला गुंडाळणार हे सांगायला ज्योतिषी नको.

हे कलम वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. पाच-पन्नास शेडचा कारखाना मोजत बसण्यापेक्षा ठोक रक्कम घेणे कधी गावाच्याही सोयीचे असते. वाईट आहे ती चोरटी बंद खोली. करार किती वर्षांचा, रक्कम किती, नियमाने आकारणी केली असती तर किती आली असती, हे तीन आकडे ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय असा करार म्हणजे गावाची मालमत्ता परस्पर मक्त्याने देणे होय.

तुमच्या शिवारात कारखाना नाही म्हणता? जिनिंग-प्रेसिंग आहे ना? सूतगिरणी, डाळमिल, गोदाम? मोबाईलचा टॉवर? टॉवरला घरपट्टी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. तुमच्या गावच्या टॉवरची आकारणी झाली का? झाली असेल तर वसूल किती?

शंभर वर्षे घेतले काय, दिले काय?

खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. वऱ्हाड-खानदेशचा कापूस ज्या गिरण्यांत गेला त्या मुंबईच्या गिरण्या या विजेवर फिरल्या. पुढे रसायनीला रासायनिक कारखाने आले, पाताळगंगेला एमआयडीसी आली, द्रुतगती मार्ग आला, करमणुकीची उद्याने आणि फार्महाऊसच्या रांगा आल्या. हे दोन तालुके मुंबईचे परसदार झाले. जे घरात नको ते परसात.

आणि अधिकार कुणाकडे? जानेवारी २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाभोवती नैना क्षेत्र जाहीर झाले, तेव्हा कर्जत-खालापुरातली गावेही त्यात ओढली गेली आणि नियोजन सिडकोच्या हाती गेले. आराखडा शहरातल्या कचेरीत, बांधकामाची परवानगी तिथेच, विकास शुल्काची पावतीही तिथेच. इमारत उभी राहिली की तिचा कचरा, तिचे सांडपाणी आणि तिचा पाण्याचा तगादा मात्र ग्रामपंचायतीच्या दारात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

नेरळचे उदाहरण घ्या. वर डोंगरावर माथेरान, २०११ च्या जनगणनेत वस्ती साडेचार हजारांच्या आत, तरी तिथे १९०५ पासून नगरपालिका. खाली नेरळ, माथेरानच्या कितीतरी पट मोठे. जनगणनेने त्याला शहर म्हणून मोजले, पण त्याचा कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या हाताने चालत आला. लोक शहराएवढे आणि साधने गावाएवढी. नगरपंचायत केली की सारे सुटते असेही नाही. २०१४ साली सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगरपंचायती करायचे ठरवले, आणि त्यात खालापूरही नगरपंचायत झाले. तुमच्याकडच्या अनेक तालुक्यांच्या गावांनाही ही पाटी लागली. पाटी बदलली की कर लगेच आठवतो, गटार मात्र सावकाश सुचते, हा अनुभव ज्याचा त्याने तपासावा.

पावती आहे, जागा नाही

तुमच्याकडे कोलाम तसे इकडे कातकरी. दोघांचीही नोंद अतिमागास आदिम जमातीत आहे. कर्जत-खालापुरातल्या कातकऱ्यांच्या अनेक वाड्या दुसऱ्याच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर आहेत. पावसाळा संपला की माणसे वीटभट्टीवर जातात. घरपट्टीची पावती ते जपून ठेवतात, कारण त्यांच्याकडे असलेला तो एकच सरकारी कागद. पण नीट समजून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तलाठ्याचा आठ-अ वेगळा. कर भरला म्हणून जागा नावावर होत नाही. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना जाहीर झाली, ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके द्यायची म्हणून. गावठाणातल्या घराला पत्रक मिळते. गावठाणाबाहेरच्या, दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वाडीचे काय? कर घेताना ती गावात आहे आणि हक्क देताना गावाबाहेर!

खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले आणि सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना पायी डोंगर चढावा लागला. दरडीला घरपट्टी जबाबदार नाही, तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण ज्या तालुक्यातून देशातला पहिला द्रुतगती मार्ग जातो, तिथे ठाकरांच्या वाडीपर्यंत गाडी जाऊ नये, यावरून जमा झालेला पैसा कोणत्या दिशेला वाहतो ते कळते.

चोर सोडून संन्याशाला फाशी

वसुलीची रीत पाहा. कलम १२९ मध्ये मार्ग लिहिला आहे. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती. दाखला अडवून ठेवणे हा मार्ग त्यात नाही. तरी मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी रहिवासी दाखला मागायला गेले की आधी दोनशे रुपये थकबाकी भर, मग बोल! बंगल्याच्या फाटकावर मात्र नोटीस चिकटवायला शिपाई कचरतो, आत कुत्रे असते म्हणून.

आता आपल्या माणसांविषयीही बोलले पाहिजे. मते जातील म्हणून पट्टी वसूल न करणारा सरपंच गावाचा मित्र नव्हे. पट्टी हा गावाच्या स्वतःच्या हातातला पैसा. अनुदान आले की अटी घेऊन येते. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. गावाने स्वतः मिळवलेल्या उत्पन्नातूनच मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि महिला-बालकांसाठी १० टक्के खर्च करायचा असतो. मोठ्याची पट्टी बुडाली की आधी हा वाटा बुडतो. जो आपली पट्टी गोळा करत नाही त्याला आमदाराच्या दारात झोळी घेऊन उभे राहावे लागते. म्हणून कर नको अशी आमची घोषणा नाही. भिकेचे अनुदान नको, हक्काचा कर हवा आणि त्याचा हिशेब हवा, ही आमची घोषणा आहे.

जोतीबांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला, तेव्हा लोकल फंडाच्या नावाने शेतकऱ्याकडून पैसा गोळा होत होता. तो पैसा ज्याच्याकडून घेतला त्याच्यासाठी खर्च होतो का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. लोकल फंड गेला, प्रश्न राहिला.

करायचे काय?

१. प्रत्येक गावाने नमुना आठची पूर्ण नक्कल मागावी. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, टाळाटाळ करतील तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे.

२. ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. सर्वांत मोठी दहा बांधकामे कोणती, त्यांची आकारणी किती, थकबाकी किती, हे फळ्यावर लिहावे.

३. कलम १२५ चा कोणताही करार ग्रामसभेच्या ठरावाशिवाय होऊ देऊ नये. झालेला असेल तर त्याची प्रत मागावी.

४. आकारणी अन्यायाची वाटली तर पंचायत समितीकडे अपील करावे. तो हक्क कलम १२४ मध्येच आहे. मुदत चुकवू नये.

५. गावात जमिनीची खरेदी-विक्री होते तेव्हा मुद्रांक शुल्काबरोबर जिल्हा परिषदेचा एक टक्का अधिभार घेतला जातो. त्यातला निम्मा वाटा ग्रामपंचायतींचा आहे. आपल्या गावाचा वाटा आला का, कधी आला, विचारावे.

६. वसुली वरून खाली व्हावी. आधी टॉवर, कारखाना, बंगला, आणि मग झोपडी. तोवर कुणाचाही दाखला अडवला जाऊ नये.

७. जो पंच स्वतःची पट्टी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरत नाही, तो कलम १४ प्रमाणे पद गमावण्यास पात्र होतो. आपल्या पंचांच्या पावत्या पाहायला लाजू नये.

सरकारला आमचे एवढेच सांगणे आहे. जो शेतकरी आपल्या घरात राहतो, ते विकत नाही आणि भाड्यानेही देत नाही, त्याच्या घराखालच्या जागेवर बंगलेवाल्यांच्या व्यवहारांचा दर लावू नका. ज्याने किंमत वाढवली आणि ज्याने त्यातून नफा केला, त्याच्याकडून घ्या.

जिल्हा मेळाव्याला येताना शिदोरीबरोबर आपल्या गावच्या नमुना आठची नक्कल घेऊन या. भाषणे थोडी करू. याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचू. कोणत्या गावात जिनिंगला किती, टॉवरला किती, झोपडीला किती, हे एकदा शंभर गावांचे एका कागदावर आले की मंत्रालयाशी काय बोलायचे ते तो कागदच सांगेल.