खीर उरली तेव्हा



यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी मोठा बेत होता. सासूबाईंनी दोन किलो खपली ओलवून, कांडून, पाखडून दिली. पहाटे उठून मी गूळ, खसखस, वेलदोडा घालून पातेलंभर खीर केली. पांढरी वस्त्रे नेसून त्रिशरण-पंचशील झाले, बिंदू चौकात बाबासाहेबांना अभिवादन करून आलो. दुपारी एकला गल्लीतली चार घरे जेवायला येणार होती. त्यांच्या लग्नाबारशांना आम्ही जातोच, म्हणून मोठ्या हौसेने आमंत्रण दिले होते.

दोन वाजले तरी कोणी नाही. एका घरून निरोप आला, आज उपवास आहे. दुसरीकडे अचानक पाहुणे आले. तिसरीकडे कुणाचे पोट बिघडले. चौथ्या दाराला कुलूप.

तिसरीतली माझी लेक म्हणाली, "आई, खीर बिघडली का गं?"

माझ्या घशात आवंढा आला. काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी असे वाटले. पण सासूबाईंनी तिला जवळ घेतले. म्हणाल्या, "खीर झकास झालीय. काही माणसांच्या मनात अजून जुनी भीती आहे, म्हणून ती आली नाहीत."

मग त्यांनी गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगितली. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना याच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढून दिले. सुरुवातीला तिथला चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत.

"आणि बुद्धालाही हे चुकले नाही," सासूबाई म्हणाल्या. "सुजाताने दिलेले अन्न त्याने घेतले, तर बरोबरचे पाच जण रागावून निघून गेले. पण सारनाथला पहिला उपदेश त्यांनीच ऐकला. त्याने त्यांच्यावर डूख धरला नाही."

एवढे बोलून त्या माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, रोज सकाळी आपली गल्ली झाडायला बाई येते. तिला बोलावलं होतंस?"

मी खाली मान घातली. ज्यांनी आपल्याला मोठे म्हणावे असे वाटत होते, त्यांनाच मी बोलावले होते. रोज दारात दिसणारी ती ताई मला आठवलीदेखील नव्हती. मग त्या चार घरांत आणि माझ्यात फरक तो काय?

संध्याकाळी आमचे हे जाऊन त्या ताईंना, त्यांच्या मालकांना आणि दोन्ही मुलांना घेऊन आले. ताई दारातच बिचकल्या. सासूबाईंनी हात धरून त्यांना पाटावर बसवले. मुलांनी तीन-तीन वाट्या खीर खाल्ली. लेकीने वाढले, आणि "बिघडली नाही ना?" म्हणून प्रत्येकाला विचारले.

भगिनींनो, असे प्रसंग आपल्यापैकी अनेकींवर येतात. अशा वेळी मुलांना खोटे सांगू नका, आणि त्यांच्या मनात द्वेषही पेरू नका. मात्र आपल्या पंगतीत कोण नाही, हे आधी पाहा.

पुढच्या पौर्णिमेला त्या चारही घरी मी पुन्हा आमंत्रण घेऊन जाणार आहे. पण पहिले आमंत्रण ताईंना.