पडदा दिसतो, हात दिसत नाही

मंडळी, दोन महिने इथं काही लिहिलं नाही, कारण मी सध्या व्हिडिओ करतेय. हसू नका! विषय साधाच आहे, इनस्क्रिप्ट पद्धतीनं मराठी टाइप कसं करायचं. मुख्यतः आमच्या वन्संसाठी. सासूबाईंच्या आठवणींच्या तीन वह्या त्यांच्याकडे आहेत. नातवंडांना ते अक्षर लागत नाही, म्हणून डोळे साथ देताहेत तोवर त्या स्वतः टाइप करायच्या असं वन्संनी ठरवलंय. त्या सांगलीला, मी पुण्यात. फोनवरून शिकवून दोघी दमलो.

आता माझं गाऱ्हाणं. पडद्याचं चित्रण करणारी ही सॉफ्टवेअरं कुणा शिकवणाऱ्यानं केलेली नाहीत, एवढं नक्की. 'क्ष'चंच बघा. आधी इंग्रजी 'के'ची कळ म्हणजे क, मग 'डी'ची म्हणजे हलन्त, मग शिफ्ट धरून स्वल्पविरामाची म्हणजे ष. चित्रणात काय दिसतं? क, त्याचा पाय मोडला, आणि झाला क्ष. बोट कुठून कुठं गेलं ते कुठंच नाही. फळ्यावर 'अ' काढताना पोरं अक्षराकडे कमी आणि माझ्या हाताकडे जास्त बघायची. शिकणं तिथं होतं. इथं नेमका हातच गायब.

दाबलेल्या कळा दाखवणारा वेगळा प्रोग्रॅम मिळतो, तोही लावून पाहिला. तो कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं दाखवतो, आणि वन्संनी तर कळांवर मराठी स्टिकर चिकटवून इंग्रजी झाकून टाकलंय.

शिवाय मधेच खोकला आला तर? फळ्यावरची एक ओळ पुसता येते. माझ्याकडच्या प्रोग्रॅममध्ये फक्त सुरुवात आणि शेवट कापता येतो, मधलं काही काढायचं तर दुसरं सॉफ्टवेअर शिका. विजेची तर आणखीच तऱ्हा. नेहमीच्या एमपीफोर फायलीत कुठं काय आहे याची सूची बहुधा रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. आमच्या डेस्कटॉपला बॅटरी नाही. वीज गेली की सूची नाही, आणि वीस मिनिटांचं बोलणं असूनही नसल्यासारखं. एमकेव्ही प्रकारात निदान तोवरचं हाती लागतं. पण हे सेटिंगच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. पहिल्याच पानावर का नाही सांगत?

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे पाहिलेत का? साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा. आधी संहिता लिहितात, मग चित्रण. त्यामुळे चित्र तेच ठेवून मराठीसकट इतर भाषांत आवाज घालता येतो. आपल्या पाठ टाचणाचाच प्रकार हा, त्यामुळे मला लगेच पटला. मीही आता आधी वहीत लिहून काढते, आवाज वेगळा भरते. खोकल्याचा प्रश्न मिटला.

हाताचा प्रश्न मात्र संहितेनं सुटत नाही. त्यावर इलाज म्हणून शब्दकोशांच्या चळतीवर मोबाइल आडवा ठेवून सरळ कळफलकाचंच चित्रण करते. पुतण्या म्हणतो, काकू, हे अगदीच घरगुती दिसतं. दिसू दे. वन्संना त्यात माझं बोट दिसतं, आणि परवा त्यांनी 'अक्षर' हा शब्द न विचारता टाइप करून पाठवला.

पुढचा धडा 'ज्ञ'चा. तो बुधवारी करीन, गुरुवारी आमच्याकडे वीज नसते.