वेडा कोणास म्हणावें ?

शरीरास रोग झाला ही गोष्ट सांगण्यास कोणी लाजत नाहीं. "मुलास हिंवताप आला आहे" असें आई होळीच्या बाजारांत चारचौघींस सहज सांगते. परंतु तोच मुलगा महिनाभर कोणाशीं न बोलतां कोपऱ्यांत बसूं लागला, तर घराचें दार लोटलें जातें आणि शेजाऱ्यानें विचारलें असतां "जरा अशक्तपणा आहे" एवढेंच उत्तर मिळतें. थट्टेच्या वेळीं मात्र "ह्याला ठाण्याला पाठवा" हें वाक्य आम्हां वसईकरांच्या जिभेवर तयार असतें. त्याचा अर्थ कोणास विचारावा लागत नाहीं, कारण ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालापासून तेथें उभें आहे. आपल्या घरचा रोग लपवावयाचा आणि दुसऱ्याच्या रोग्यास हंसावयाचें, ह्या दोन्ही संवयी एकाच अज्ञानाच्या पोटीं जन्मल्या आहेत, असें आमचें मत आहे.

मनाची विकृति कशास म्हणावी, हा पहिला प्रश्न. जो चारचौघांसारखा वागत नाहीं तो वेडा, ही लोकांची कसोटी सोपी आहे, पण खरी नाहीं. १८५१ सालीं अमेरिकेंत सॅम्युएल कार्टराइट नांवाच्या एका डॉक्टरानें, मालकापासून पळून जाणाऱ्या गुलामांस एक मानसिक रोग जडलेला असतो असें प्रतिपादन करून, त्या रोगास 'ड्रेपेटोमॅनिया' असें भारदस्त नांवही दिलें ! स्वातंत्र्याची ओढ हा रोग ठरला, कारण ती मालकांस गैरसोयीची होती. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांत तर असें आढळतें कीं, खुद्द प्रभु येशू भानावर नाहीं असें समजून त्याचे आप्त त्यास धरून नेण्यास निघाले होते. तेव्हां निराळेपणा म्हणजे रोग नव्हे. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानेंही हेंच सांगितलें आहे : समाजांत रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक समजुतींशीं न जुळणें, एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरवितां येत नाहीं.

मग खरी कसोटी कोणती ? जाणते वैद्य कांहीं गोष्टी एकत्र पाहतात. त्या मनुष्यास आंतून क्लेश होत आहेत काय ? त्याचें शिक्षण, काम, झोंप, जेवण व माणसांशीं असलेलें नातें ह्यांत बिघाड झाला आहे काय ? त्याच्या वा इतरांच्या जिवास धोका आहे काय ? आणि हें सर्व किती दिवस व कोणत्या प्रसंगांत चाललें आहे ? परीक्षेच्या आदल्या रात्रीं छातींत धडधडणें ही प्रकृति होय. परंतु परीक्षा सरून महिने लोटले तरी धडधड थांबत नाहीं, आणि मुलगा शाळेच्या फाटकाशीं येऊन परत फिरतो, ही विकृति होय. ह्या दोहोंमध्यें भिंत नाहीं. तापमापकांतील पाऱ्याप्रमाणें अंश चढत जातात. म्हणूनच निदान शेजाऱ्यानें करावयाचें नसून जाणत्यानें करावयाचें असतें.

नेहमीं आढळणारे विकार विद्यार्थ्यांनीं ओळखावे. कारणावांचून, अथवा कारणाच्या मानानें फारच अधिक, अशी भीति सतत मनांत राहणें हा चिंताविकार. दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहणें, आवडत्या गोष्टींतील रस जाणें, झोंप व भूक बिघडणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटणें, हें नैराश्य. त्यास आळस म्हणणें अन्याय होय. हात स्वच्छ असूनही ते पुनःपुन्हां धुणें, कुलूप लावलें हें ठाऊक असूनही तें दहादां पाहणें, आणि तसें न केल्यास जीव कासावीस होणें, ह्यास मराठींत मंत्रचळ हा शब्द आहे. नसलेले आवाज ऐकूं येणें, आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी खात्री वाटणें, हीं छिन्नमनस्कतेचीं लक्षणें. एका देहांत दोन माणसें असा तिचा अर्थ मुळींच नव्हे.

हे विकार विरळाही नाहींत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत केलेल्या पाहणींत, शंभर प्रौढांमागें सुमारें दहा-अकरा जण त्या वेळीं कोणत्या ना कोणत्या मानसिक विकारानें पीडित आढळले, आणि त्यांतील बहुतेकांस उपचार मिळत नव्हते. आनुवंशिकता, मेंदूंतील घडामोडी, बालपणींचे आघात, दारिद्र्य, व्यसन अशीं अनेक कारणें ह्यांच्या मुळाशीं असतात. बाहेरची बाधा किंवा पापाची शिक्षा हें त्यांचें कारण नव्हे. निराश होऊन अरण्यांत झुडुपाखालीं मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्यास देवदूतानें दोष दिला नाहीं. त्यास भाकर व पाणी दिलें आणि पुन्हां निजूं दिलें.

डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता ह्या मुंबईच्या मनोविकारतज्ज्ञ दांपत्यास एकदां एक मळकट तरुण नारळाच्या करवंटीनें गटाराचें पाणी पितांना दिसला. त्यांनीं त्यास नेऊन उपचार केले, तेव्हां तो सुशिक्षित असून छिन्नमनस्कतेमुळें घरास दुरावला आहे असें कळलें. त्यांतूनच १९८८ मध्यें श्रद्धा पुनर्वसन संस्था निघाली. पुढें कर्जतला तिचें केंद्र झालें. रस्त्यावरचे हजारों मनोरुग्ण बरे होऊन आपापल्या घरीं पोंचले, आणि २०१८ मध्यें डॉ. वाटवानींस रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या तरुणाजवळून जाणाऱ्या इतरांनीं त्यास वेडा म्हटलें असेल. ह्या दोघांनीं तो कोण आहे हें विचारलें.

कांहीं पालक म्हणतील, "हे नवे लाड होत, आमच्या काळीं असलीं नांवें नव्हतीं." नांवें नव्हतीं, पण रोगी होते, ते माजघरांत कोंडले जात, भगताकडे नेले जात, अथवा आळशी म्हणून मार खात. नांव दिल्यानें रोग उत्पन्न होत नाहीं, उपचाराची वाट मात्र सांपडते. प्रत्येक उदास संध्याकाळीस 'डिप्रेशन' म्हणूं नये, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु तें ठरविण्याकरितां तरी जाणत्या माणसाकडे गेलें पाहिजे.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, लग्नाच्या बाजारास भिऊन रोग झांकूं नका. लौकर झालेला उपचार पुष्कळ वेळां मनुष्यास पुन्हां उभा करितो. विद्यार्थी-मित्रहो, मन जड झालें तर आईबाप, शिक्षक वा धर्मगुरु, ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांस सांगा. सरकारनें २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतही बोलतां येतें, आणि त्यास पैसे पडत नाहींत.

इंग्रजी अमदानींतील १९१२ चा कायदा रोग्यास 'लूनॅटिक', म्हणजे वेडा, असेंच म्हणत असे. कायद्यानें तो शब्द टाकून दिला. आतां तो आपण आपल्या तोंडांतून टाकावा, आणि पुढील वर्षीं आमच्या वर्गांत तो ऐकूं येऊं नये, एवढीच आमची इच्छा आहे.