काहीही असले तरी

दिवाळीच्या फराळात व्याकरणाचा खडा कशाला, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा! मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या परभणीकडच्या मास्तराने कादंबऱ्या लिहाव्यात, कायद्याच्या इंग्रजीत नाक खुपसू नये, असे आमच्या ओळखीच्या एका वकीलसाहेबांचे मत आहे. माझे भांडण त्यांच्याशीच आहे.

शब्द आहे 'नॉटविथस्टँडिंग'. तो बहुधा नामाच्या सोबतीने येतो. एकटा आला की क्रियाविशेषण होतो आणि 'तरीही' एवढाच अर्थ देतो. बोलण्यात त्याला आता कुणी विचारीत नाही, पण कायद्याच्या पुस्तकात तो पानोपानी ठाण मांडून बसलेला. 'विथस्टँड' म्हणजे आडवे उभे राहणे. त्याच्यामागे 'नॉट' लागला, की कुणी आड येऊ शकत नाही!

आपल्या संविधानाच्या ३७१व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड याच शब्दाने सुरू होतो. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळे स्थापण्याची व निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींना आदेश काढून राज्यपालांवर सोपविता येते. त्याचे मराठी झाले, 'या संविधानात काहीही असले तरी'.

"भाषांतर बिनचूक आहे, गुरुजी. उगाच कीस काढू नका," वकीलसाहेब म्हणाले.

कोशात असेल बिनचूक. पण हे शब्द आमच्या घरांत केव्हा ऐकू येतात? शेताच्या वाटणीवरून दोन भाऊ हमरीतुमरीवर आले, की धाकट्याला आई म्हणते, "काही असले तरी थोरला आहे तो." आणि धाकटा बांधावरून निमूट परत फिरतो. हा हक्क सोडण्याचा सूर झाला. इंग्रजी शब्द तर बाकीच्या कलमांना दटावून सांगतो, सरा बाजूला! एकात उसासा, दुसऱ्यात हुकूम. 'कशाचाही अडसर न मानता' असे म्हटले असते, तर काय बिघडले असते?

"शब्दाने काय अडते?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. ही तरतूद संविधानात आली १९५६ साली, सातव्या घटनादुरुस्तीने. मंडळे स्थापन झाली १९९४ साली. मध्ये अडतीस वर्षे गेली. पुढे ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली आणि ती वाढविली गेली नाही. हे सारे एका शब्दापायी झाले, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण 'अनुशेष' हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेल्या आमच्या मुलखात या खंडाचे पहिले वाक्य किती जणांनी वाचले आहे? आणि ज्यांनी वाचले, त्यांनी ते अर्जदाराच्या पडेल आवाजातच वाचले.

वकीलसाहेबांनी शेवटी पुस्तक उघडून पुढच्याच एका शब्दावर बोट ठेवले. 'मे'. म्हणजे राष्ट्रपतींना तसे करता येईल; केलेच पाहिजे असे नाही. "तुमचा हुकूमशहा इथे लंगडतो, गुरुजी!"

हे मात्र मला मुकाट्याने मान्य करावे लागले.